ऐंशीच्या दशकारंभीचे चित्रपट आणि त्यांची परीक्षणं: कोणाचं मत धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका कॉलेजच्या चित्रपट मंडळाला १९८० ते १९८४ या काळातले सहा-सात चित्रपट दाखवायचे आहेत. तयारी म्हणून त्यांनी जुनी परीक्षणं वाचली आणि गोंधळ वाढला. आज डोक्यावर घेतलेल्या काही चित्रपटांची तेव्हा धड दखल नाही. ज्यांच्यावर रकानेच्या रकाने भरून आले, त्यातले काही आज दमवतात. मग त्या वेळच्या समीक्षकांचं मत कितपत धरायचं? आणि समांतर, म्हणजे धंदेवाईक चौकटीबाहेरच्या, चित्रपटांचं कौतुक जरा जास्तच झालं का?

चित्रपट रसग्रहणाचे वर्ग मी बरीच वर्षं घेत आलो आहे आणि हे चित्रपट विद्यार्थ्यांसोबत पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. त्या आधारावर सांगतो.

त्या परीक्षणांना मी कमी लेखत नाही. लिहिणारी बरीच मंडळी व्यासंगी होती. चित्रपटाबद्दल मराठीत गांभीर्याने लिहायचं, हा आग्रह त्यांनीच धरला. पण मराठी चित्रपट समीक्षा साहित्याच्या आणि नाटकाच्या समीक्षेतून वाढली, हे ध्यानात ठेवून त्यांना वाचायला हवं. कथा काय, आशय काय, संवाद कोणाचे, भूमिका कशा वठल्या, हे क्रमाने तपासायचं आणि छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांची शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत बोळवण करायची, अशी रीत होती. चित्रपट मुख्यतः ऐकला जायचा. त्या काळचे बरोबर ठरलेले आणि चुकलेले बहुतेक निवाडे या एका सवयीपाशी येऊन थांबतात, असं माझं मत आहे.

पुण्यात हे फार ठळक दिसतं. नदीच्या एका बाजूला, लॉ कॉलेज रोडवर, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट होती. जवळच पी. के. नायर चित्रपट संग्रहालय उभं करत होते. प्रा. सतीश बहादूर एकेक चौकट थांबवून चित्रपट वाचायला शिकवत होते. दोन्ही संस्थांचा मिळून उन्हाळ्यात रसग्रहणाचा अभ्यासक्रम चालायचा. नदीच्या दुसऱ्या बाजूला पेठांमध्ये वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं होती. तिथे लिहिणाऱ्यांचा पिंड नाटकावर पोसलेला. थिएटर ॲकॅडमीसारखी संस्था याच शहरातली. मोहन आगाशे, सतीश आळेकर, जब्बार पटेल ही नावं घरातली. रंगमंचावरचा माणूस पडद्यावर आला की त्याला नाटकाच्याच मोजपट्टीने मोजणं ओघाने यायचं. दोन बाजूंची ये-जा होती, पण साप्ताहिक परीक्षणात उमटेल इतकी नव्हती.

शिवाय परीक्षण लिहिलं जायचं कसं, तेही बघा. समीक्षक चित्रपट एकदाच बघायचा, प्रेस शोला नाहीतर शुक्रवारच्या खेळाला. अंधारात चार शब्द खरडायचा आणि दोन दिवसांत मजकूर द्यायचा. प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघायची सोय त्याच्याकडे नव्हती. १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आलं, व्हिडिओ घरोघरी शिरू लागला, पण पुन्हा पाहून लिहायची सवय फार उशिरा लागली. त्यामुळे जुन्या परीक्षणात प्रसंगांचा क्रम चुकलेला दिसला तर त्यावर हसू नका, आणि तपासल्याशिवाय उचलूही नका.

आता चित्रपटांकडे येतो, आणि ‘आक्रोश’वर जरा रेंगाळतो. १९८०चा हा चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची, गोविंद निहलानींचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम. १९८१च्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर मिळाला. त्याच्यावर जे लिहून आलं त्यात आशयच आशय आहे: आदिवासींचं शोषण, न्यायव्यवस्थेचं ढोंग, मध्यमवर्गाची हतबलता. यातलं चूक काहीच नाही. पण त्याचा नायक लहान्या भिकू जवळजवळ बोलतच नाही. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे, त्याचा वकील भास्कर कुलकर्णी त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि हा गप्प. इथे ऐकायला काही नाही, बघायलाच हवं. ओम पुरींचे डोळे कुठे वळतात, भास्कर बोलत असताना कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो, वकील खोलीतून गेल्यावर लहान्याच्या शरीरात काय बदलतं, यातच सगळा चित्रपट आहे. निहलानी मुळात छायालेखक, आणि इथेही कॅमेरा त्यांचाच. शब्दांनी भरलेल्या परंपरेतून आलेले तेंडुलकर मुख्य पात्राचे शब्दच काढून घेतात आणि निहलानी ती जागा कॅमेऱ्याने भरतात. या भागीदारीबद्दल त्या वेळी किती लिहून आलं, ते शोधून बघा. फार थोडं सापडेल.

अमरीश पुरींनी केलेला सरकारी वकील दुसाने हे माझ्या दृष्टीने चित्रपटातलं सर्वांत गुंतागुंतीचं पात्र. तो स्वतः आदिवासी, शिकून वर आलेला, भास्करचा गुरू. गावातल्या बड्या लोकांत त्याची ऊठबस आहे आणि त्याच वेळी निनावी फोनवर जातीवरून शिव्या ऐकतो. फोन कानाला लावलेल्या त्या माणसाकडे नीट बघा. त्याच्या तोंडी भाषण दिलेलं नाही, त्यामुळे आशय शोधणाऱ्या परीक्षणात तो बाजूला पडला. भास्कर आणि तिथल्या कार्यकर्त्यामधले वाद मात्र भरपूर उद्धृत झाले. ती भूमिका नाटककार महेश एलकुंचवारांनी केली आहे. आज हे प्रसंग जड वाटतात. दमवणारा भाग म्हणतात तो बहुतेक हाच.

शेवटाबद्दल तुमच्या मंडळात वाद होणार, आणि तो व्हायला हवा. बापाच्या अंत्यसंस्काराला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलून आपल्या बहिणीला मारतो, आणि मग आभाळाकडे तोंड करून ओरडतो. बायकोच्या वाट्याला आलं ते बहिणीच्या वाट्याला येऊ नये म्हणून. त्या काळी हा व्यवस्थेविरुद्धचा हंबरडा म्हणून वाचला गेला. माझ्या वर्गातल्या मुली वेगळा प्रश्न विचारतात: बहिणीला कोणी विचारलं? स्मिता पाटीलने केलेली नागी आणि ही बहीण, दोघींचं दुःख पुरुषाच्या खटल्यातला पुरावा म्हणून येतं. हा आक्षेप मला मान्य आहे. त्याने चित्रपट लहान होत नाही, पण कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे.

आता ‘शक्ती’ आणि ‘अर्धसत्य’. हे दोन्ही लागोपाठ दाखवा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एक १९८२चा, दुसरा १९८३चा. फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक आधी ‘शक्ती’ला आणि पुढच्याच वर्षी ‘अर्धसत्य’ला मिळालं. दोन्हींत पोलीस अधिकारी आहे, बाप-मुलाचं बिनसलेलं नातं आहे, आणि कायदा पाळणाऱ्या माणसाची कोंडी आहे. पण एक धंदेवाईक आणि दुसरा समांतर म्हणून परीक्षणांत त्यांचे कप्पे वेगळे झाले आणि दोघांना शेजारी ठेवून पाहिलंच गेलं नाही.

‘शक्ती’बद्दलची चर्चा दिलीपकुमार सरस की अमिताभ बच्चन, यातच अडकली. सलीम-जावेद म्हणजे टाळ्यांचे संवाद, ही अपेक्षा पक्की. पण आई गेल्यानंतरचा प्रसंग पाहा. राखीचं पार्थिव घरात आहे, दिलीपकुमार जमिनीवर बसले आहेत, मुलाला कोठडीतून तिथे आणलं जातं. तो येतो, बापाशेजारी बसतो, त्याला स्पर्श करतो. संवाद नाही. आयुष्यभर जे बोलणं झालं नाही ते इथेही होत नाही, आणि दोघांनाही ते कळतं. संवादांसाठी प्रसिद्ध असलेल्या लेखकांनी सर्वांत मोठा प्रसंग मुका लिहिला आहे आणि रमेश सिप्पींनी तो मुकाच ठेवला आहे. आशयाच्या परीक्षणाला इथे हाताला काही लागत नाही, ताऱ्यांच्या परीक्षणाला तर नाहीच.

‘अर्धसत्य’ची मुळं मराठीतली. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता. यातला पोलीस अधिकारी अनंत वेलणकर आपल्या मैत्रिणीसमोर, ज्योत्स्नासमोर, ती कविता वाचतो तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. वाचायला सुरुवात करताना तो सहज आहे आणि पुढे त्याचा आवाज बदलत जातो. दुसऱ्याचे शब्द वाचता वाचता माणूस स्वतःपाशी येऊन थांबतो. हा प्रसंग शब्दांचा आहे, म्हणून तेव्हाही तो नीट पोचला. कोठडीतली मारहाण मात्र तितकी पोचली नाही. वेलणकरच्या हातून एक भुरटा चोर मरतो. अन्यायाविरुद्ध चिडलेला माणूस सर्वांत दुबळ्यावर हात टाकतो, हे चित्रपट स्वच्छ दाखवतो. अमिताभच्या ‘जंजीर’पासून सुरू झालेल्या संतापी पोलिसाला दिलेलं ते उत्तर आहे. तिथे हिंसा नायकाला मोकळं करते. इथे वेलणकर गुंड रामा शेट्टीला मारतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन हजर होतो. हे नातं जोडायचं तर लोकप्रिय चित्रपटही गांभीर्याने पाहिलेला हवा. त्या वेळच्या मराठी समीक्षेची ती तयारी कमी पडली. रामा शेट्टीच्या भूमिकेतल्या सदाशिव अमरापूरकरांचं कौतुक मात्र मनापासून झालं, आणि ते रास्तच होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं आहे. समांतर चित्रपटांचं कौतुक जास्त झालं असं मी म्हणणार नाही. ते चुकीच्या कारणासाठी झालं. विषय मोठा म्हणून चित्रपट मोठा, असं समीकरण मांडलं गेलं. त्यामुळे चांगल्या दिग्दर्शकांचं खरं कसब झाकलं गेलं, आणि मोठा विषय घेऊन केलेलं सुमार कामही तरून गेलं.

याची दुसरी बाजू हलक्याफुलक्या चित्रपटांनी सोसली. सई परांजपे इथल्याच. ‘चष्मेबद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ (१९८३) यांना प्रेम मिळालं, ‘कथा’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण लिहिताना खुसखुशीत, निर्मळ, कौटुंबिक ही तीन विशेषणं झाली की विषय संपायचा. ‘कथा’ ही शं. गो. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ नाटकावरून घेतलेली आहे. पण चाळीचे जिने, गॅलऱ्या, एका खोलीतून दुसरीत जाणारी नजर आणि आवाज यांनी तिथलं सामूहिक जगणं उभं राहतं ते शुद्ध चित्रपटाच्या भाषेत. शिवाय ससा जिंकतो आणि कासवाच्या पदरात फसवली गेलेली मुलगी येते, हा शेवट वाटतो तितका गोड नाही. सशाच्या भूमिकेतला फारुख शेख हसतमुखाने जे करतो ते क्रूर आहे. विनोदाखाली ही धार आहे, ती दाखवून द्या.

‘जाने भी दो यारो’ (१९८३) तर सर्वांना माहीतच आहे. कुंदन शहा इन्स्टिट्यूटचे, पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, खर्च सात लाखांच्या आसपास. पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, पण चित्रपटगृहांत तो बेताचाच चालला आणि मोठा झाला तो दूरदर्शन आणि व्हिडिओवरून. २०१२ साली नव्या प्रतीसह तो पुन्हा पडद्यावर आला. महोत्सवात तो ठेवाच, पण आधी संदर्भ सांगा. महाराष्ट्रात सिमेंट वाटपातल्या गैरव्यवहाराचं प्रकरण गाजून १९८२च्या जानेवारीत मुख्यमंत्री अंतुले पायउतार झाले होते. कोसळणारा पूल, बिल्डर आणि आयुक्त हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कल्पित वाटलेच नसणार. आजची मुलं महाभारताच्या प्रसंगाला पोट धरून हसतात आणि शेवटी कैद्यांच्या कपड्यांतले ते दोघं छायाचित्रकार नायक कॅमेऱ्याकडे बघून गळा कापल्याची खूण करतात तेव्हा गप्प होतात. फार्स म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांनी हा शेवट कसा पचवला, हे मला आजही कळत नाही.

दादा कोंडक्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यांना वगळून मराठीतल्या त्या काळाबद्दल बोलताच येत नाही. त्यांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करत होते. ‘ह्योच नवरा पाहिजे’ १९८०चा, ‘आली अंगावर’ १९८२चा. परीक्षणांत मात्र द्व्यर्थी संवाद, अश्लीलता, अभिरुचीचा ऱ्हास. इथेही समीक्षकांनी संवादच ऐकले. दिसत होता तो माणूस: नाडी लोंबणारी हाफपँट घातलेला, भोळा, सावकार-पाटलांना पुरून उरणारा, गिरणगावातल्या आणि खेड्यातल्या प्रेक्षकाला आपला वाटणारा. सेवादलाचं कलापथक, मग वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’, तिथून आलेली वगाची हजरजबाबी लय त्यांच्या चित्रपटांत आहे. पांढरपेशा पुण्याला ती लय नाटकात चालली, पडद्यावर खटकली. त्यांचे चित्रपट बांधणीने ढिले आहेत आणि बायकांकडे बघण्याची नजर आज सहन होत नाही, हे मी ठामपणे म्हणतो. पण इतका मोठा प्रेक्षक त्यांच्यात काय बघत होता, याचा शोध घेणं हे समीक्षेचं काम होतं आणि ते झालं नाही.

समीक्षकांच्या रागामागे आणखी एक गोष्ट होती. करमणूक कर निर्मात्याला परत देण्याच्या सरकारी योजनेमुळे मराठीत निर्मिती वाढली, पण त्यात परताव्यावर डोळा ठेवून उरकलेले चित्रपटही बरेच होते. दर आठवड्याला ते बघायचे म्हणजे सोपं काम नव्हे. अशात ‘उंबरठा’ आला की लेखणी सैल सुटणारच.

‘उंबरठा’ मला फार जवळचा आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथांचं संगीत, सुरेश भट आणि वसंत बापटांची गाणी. पोटच्या मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून गेलेली सुलभा बरोबर की चूक, यावर घराघरांत वाद झाले. परीक्षणांनीही तोच वाद पुढे चालवला, जणू सुलभा शेजारच्या वाड्यातली बाई होती. चित्रपटाचं केवढं हे यश! पण यात गिरीश कर्नाडांनी केलेला नवरा नीट पाहिला गेला नाही. तो खलनायक नाही. सुसंस्कृत वकील आहे, आवाज चढवत नाही, बायकोचं ऐकून घेतो. सासू तर स्वतः नावाजलेली समाजसेविका. अशा सज्जन, पुरोगामी घरातही सुलभाला जागा उरत नाही, आणि ती परत येते तेव्हा नवरा आपल्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईबद्दल सांगतो तेही शांतपणे. पुण्यातल्या सुशिक्षित प्रेक्षकाला ते घर आपलं वाटायला हवं होतं. वाद सुलभेवर लोटला की त्या घराकडे बघावं लागत नव्हतं. आश्रमातल्या दोन बायकांच्या परस्परसंबंधांचा धागाही असाच दुर्लक्षित राहिला. चित्रपट त्याकडे त्या काळाच्या नजरेने बघतो, आजच्या मुलांना ते खटकेल, आणि त्यावर मोकळेपणाने बोलायला हवं.

तुमच्या टिपणांत सालांचा घोळ झालेला दिसला, त्याचं कारण सांगतो. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचं साल धरतात आणि प्रदर्शन पुढच्या वर्षी होऊ शकतं. ‘उंबरठा’ला १९८१च्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार आहे आणि तो लागला १९८२मध्ये. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’चंही तसंच. स्मिता पाटीलचा पुरस्कार १९८०चा, चित्रपट लोकांसमोर आला १९८१मध्ये. पत्रकात दोनपैकी एकच पद्धत ठेवा.

परीक्षणं चित्रपटानंतर वाटा, आधी नको. लॉ कॉलेज रोडवरच्या संग्रहालयाच्या ग्रंथालयात कात्रणं, गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती बघायला मिळतात. मुलांना तिथे घेऊन जा आणि एका चित्रपटाची दोन उलट मतं शोधायला सांगा. मग प्रत्येक परीक्षणात एकच खूण करायला लावा: लेखकाने डोळ्याने पाहिलेली गोष्ट कोणत्या वाक्यात आहे. बाकीचा मजकूर त्या काळाच्या चिंतांची साक्ष म्हणून वाचा. त्याचं मोल कमी नाही.

प्रतीबाबत काळजी घ्या. आंतरजालावर फिरणाऱ्या बऱ्याच प्रती जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या आहेत. ‘शक्ती’सारख्या रुंद पडद्याच्या चित्रपटाच्या कडा त्यात कापल्या जातात, आणि दोन माणसांतलं अंतर हाच प्रसंगाचा अर्थ असेल तर तो गेलाच. रंग तांबूस झालेले असतात, काही ठिकाणी अख्खे प्रसंग गाळलेले असतात. सेन्सॉर प्रमाणपत्रावरची लांबी आणि तुमच्या प्रतीची लांबी ताडून बघा, आणि प्रदर्शनाची परवानगी हक्कधारकाकडून लेखी घ्या. ‘उंबरठा’ची हिंदी आवृत्ती ‘सुबह’ही उपलब्ध असते. ती दाखवू नका. कलाकार तेच असले तरी त्या घरातली माणसं मराठीतच एकमेकांना इतक्या सभ्यपणे दुखवू शकतात.